दुसऱ्या भागातला माणूस बोलतो

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं भांडत होतात. त्या गाड्या चोरायच्या खेळाचा नवा भाग येणार आहे, तो घ्यायचा की नाही यावरून. तुमचा बाबा म्हणाला, नाही. तुम्ही विचारलंत, का नाही? तर उत्तर न देता तो चहा करायला उठून गेला. मग धाकटीने पडद्याला नाक लावून मला विचारलं, "आजी, तुला माहितीये का तो गेम?" मी म्हटलं, माहीत आहे. तुम्ही दोघंही खो खो हसलात. तुम्हाला वाटलं, आजी थट्टा करते आहे.

थट्टा नव्हती. त्या खेळाचा पहिला भाग आणि दुसरा भाग, दोन्ही मी तुमच्या बाबाच्या शेजारी खुर्ची टाकून पाहिले आहेत. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, मुलांना सांगू का सगळं? तो फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. मग म्हणाला, "तूच लिही आई. मी सांगायला गेलो तर रागावल्यासारखं होतं." म्हणून लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण हे सगळं मराठीत घडलं. अडेल तिथे बाबाला विचारा.

तेव्हा आम्ही शिरूरला राहत होतो. मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते. तुमचे आजोबा रेल्वेत, दौंडला. त्यांच्या ड्यूट्या अशा की ते घरी येत ते पाहुण्यासारखे, आणि जाताना धुतलेले कपडे घेऊन जात. घरात आम्ही दोघंच. तुमचा बाबा एकोणीस-वीस वर्षांचा होता आणि डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला अडकला होता. अभ्यासासाठी म्हणून कॉम्प्युटर घेतला होता. तो बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी होता आणि त्याच्यावर मी विणलेलं झाकण होतं.

त्याच सुमारास रांजणगावला कारखाने उभे राहत होते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या दारात नव्या गाड्या आल्या, आणि त्या गाड्यांमधून फिरणारी मुलं आली. कारखान्यांना माणसं पुरवायची, पाण्याचे टँकर पुरवायचे, भंगार उचलायचं, असे ठेके होते. ठेक्यांवरून मारामाऱ्या होत. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेली दोन-तीन मुलं अशी डोकं फुटून सरकारी दवाखान्यात पडलेली मी पाहून आले होते. त्यामुळे दुपारी शाळेतून घरी येताना चौकात गाडीच्या बॉनेटवर बसलेली पोरं दिसली की मी आधी त्यांच्यात आपला मुलगा आहे का ते पाही. नसला की पावलं झपाझप उचलत घरी येई. घरी तो असे, आणि कॉम्प्युटरवर असाच एक जण गाडीच्या बॉनेटवर बसलेला असे.

पहिला भाग मी प्रथम पाहिला तो स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, हातात परात होती. पडद्यावर एक करडं शहर होतं. एक म्हातारा फुटपाथवरून चालला होता. तुमचा बाबा ज्याला चालवत होता त्या माणसाने त्याला काठीने मारलं. म्हातारा पडला. मी ओरडले.

"अगं आई, तो खरा नाहीये! थांब, बघ आता."

भोंगा वाजवत रुग्णवाहिका आली. तिच्यातून एक जण उतरला, म्हाताऱ्याच्या छातीवर वाकला, आणि म्हातारा उठून पुन्हा त्याच चालीने चालू लागला.

"बघितलंस? काही झालं नाही."

मला त्या काठीपेक्षा या तीन शब्दांची जास्त भीती वाटली. काही झालं नाही.

बंदी घालणं हा एक मार्ग होता. पण घरी बंदी घातली तर तो ज्या मुलांच्या घरी जाऊन खेळेल ती मुलं मला माहीत होती. परीक्षेच्या वर्गात आम्ही काय करतो? मुलांच्या मध्ये जाऊन बसतो. मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलली आणि त्याच्या शेजारी ठेवली. पहिले काही दिवस तो इतका लाजला की त्याने शहरात नुसती गाडी चालवली, सिग्नलला थांबत. मग विसरला मी बसले आहे ते. आणि मग समजावून सांगायला लागला. भारनियमनाच्या वेळा सांभाळून, वीज असेल तेव्हा, मी वह्या तपासत बसे आणि तो खेळत असे.

पहिल्या भागात शिकण्यासारखं काही नव्हतं, पण समजण्यासारखं होतं. खेळाचा नायक मुका होता. कोणीतरी गुंड त्याला एका खोलीत बोलावी आणि सांगे, अमुक गाडी तमक्या ठिकाणी पोचव, अमुक माणसाला संपव. हा मान हलवी आणि निघे. कधी तोंड उघडत नसे. पाण्यात पडला की मरत असे, गुडघाभर पाण्यातसुद्धा. मोटारसायकल नावाची वस्तूच त्या शहरात नव्हती. दुकानं होती, पण त्यांना दारं नव्हती, नुसती रंगवलेली. एक गंमत तुमच्या बाबानेच मला दाखवली. रस्त्यात सोडलेल्या गाडीकडे पाठ केली आणि पुन्हा वळून पाहिलं, की गाडी नाहीशी झालेली असे. पोलीस मागे लागले तर पडद्याच्या कोपऱ्यात चांदण्या उमटत, जितक्या जास्त तितके पोलीस जास्त, आणि थोडा वेळ लपलं की त्या विझत. पकडला गेला तरी चौकीच्या दारात पुन्हा उभा. मेला तर दवाखान्याच्या दारात.

मला त्यातल्या त्यात धीर होता तो याचाच, की हे सगळं कच्चं होतं. रंगवलेल्या दारांच्या गावाला कोण खरं मानेल?

दुसरा भाग मी स्वतः आणला. पेपर तपासायला पुण्याला गेले होते, तिथल्या फुटपाथवर एका मुलाकडे तो होता. "पहिल्यापेक्षा लई सुधारलाय बघा मॅडम," तो म्हणाला. शाळेत पाठ्यपुस्तकाची सुधारित आवृत्ती येते तेव्हा आधीच्या चुका काढलेल्या असतात. मी बसमध्ये ती सीडी पर्समध्ये जपून आणताना खरोखर अशी समजूत करून घेतली होती की मारामारी थोडी कमी केली असेल.

तुमच्या बाबाने ती चालू केली आणि खुर्चीत उडालाच. "आई, हा बोलतो!"

दुसऱ्या भागातला नायक बोलत होता. टोमणे मारत होता, चिडत होता, विनोद करत होता. शहर करडं नव्हतं, उन्हाचं होतं, कडेला समुद्र. मोटारसायकली आल्या होत्या आणि त्यांच्यावर बसलं की शर्ट वाऱ्याने फडफडत असे. दुकानांची दारं उघडत होती, आत जाता येत होतं. घर विकत घेता येत होतं. टायर फुटत होते. चालत्या गाडीतून उडी मारता येत होती. रस्त्यावरची माणसं आपण काही न करताही एकमेकांशी भांडत होती, पळत होती, फुटपाथवर उभी राहून हवापाण्याचं बोलत होती. आणि सोडलेली गाडी पाठ वळवली तरी तिथेच राहत होती.

"पहिल्यात नुसता रस्ता होता," तुमचा बाबा म्हणाला. "ह्यात गाव आहे."

एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याने धडा उलगडून सांगावा तसा तो सांगत होता, आणि त्याचं प्रत्येक म्हणणं बरोबर होतं. खेळ सगळ्याच अंगांनी सुधारला होता. माझी भीतीही त्याच मापाने वाढत होती. कच्च्या शहरातून मुलगा जेवायला उठत असे. या पक्क्या शहरातून तो उठत नव्हता. उठला तरी हात ताटात आणि डोळे तिकडेच.

एक सुधारणा मात्र मला नीट कळायला वेळ लागला. दुसऱ्या भागात नायकाला कपडे बदलता येत. चांदण्या उमटल्या, पोलीस मागे लागले, की एका दुकानात शिरायचं, चांगला सूट घालायचा आणि बाहेर यायचं. पोलीस शेजारून जात, ओळखत नसत.

"हे किती भारी केलंय ना?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "पोलीस एवढे बावळट नसतात."

"असतात गं."

थंडीचे दिवस होते, उसाचा हंगाम चालू होता. एका शनिवारी सकाळची शाळा करून मी घरी आले, तर दारात पांढरी जीप उभी होती आणि आमच्या बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटरसमोरच्या माझ्या खुर्चीवर, एक जण पाय पसरून बसला होता. सगळं शिरूर त्याला भाऊ म्हणे. रांजणगावला त्याचे भंगाराचे ठेके होते. मला पाहून तो उठला आणि चक्क वाकून पाया पडला.

"बाई, वळाखलं का? तुमच्याच हाताखाली शिकलो. इंग्रजीत नापास केलं व्हतं तुम्ही मला, दोनदा."

"तू पेपरात काही लिहिलंच नव्हतंस," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते सवयीने गेलं.

भाऊ मोठ्याने हसला. "लिवलं न्हाई म्हनून तर बरं चाललंय. बाई, पोराला जरा दौंडला धाडतो. ही जीप ठेसनामागं लावायची, एक मानूस उभा आसंल त्याला चावी द्यायची, आन् एष्टीनं माघारी. समदे डायवर गावाला गेल्यात, नायतर तरास दिला नसता."

तुमचा बाबा माझ्याकडे पाहत नव्हता. त्याच्या हातात चावी आधीच होती. लायसन त्याला मिळालं होतं, पण आमच्या घरी गाडी कुठली? त्याने आजवर जे काही चालवलं होतं ते या खोलीत बसून.

अमुक गाडी तमक्या ठिकाणी पोचव. काय आहे ते विचारू नको. हा खोलीत बोलावतो, सांगतो, आणि समोरचा मान हलवतो. मी हे महिनोन्महिने पाहत आले होते. फक्त आज ती खोली माझी होती.

"आन् आसं कर," जाता जाता भाऊ त्याला म्हणाला, "त्यो पांढरा शर्ट घाल, इस्त्रीचा. बाईंचा पोरगा दिसला पायजे."

ड्रायव्हर गावाला गेलेले नव्हते. भाऊला ड्रायव्हर नकोच होता. त्याला कपडे बदलायचे होते. माझा मुलगा हा त्या माणसाचा इस्त्रीचा शर्ट होता.

तिथल्या तिथे नाही म्हणण्याचं धाडस मला झालं नाही. भाऊच्या माणसांनी काय काय केलं होतं ते मी दवाखान्यात पाहिलं होतं. आणि मी नाही म्हटलं असतं तर मुलगा चार माणसांत मान खाली घालून बसला असता, आणि पुढच्या वेळी मला न सांगता गेला असता. मी म्हटलं, "दौंडलाच जातोयस तर मीही येते. यांना डबा द्यायचाय."

भाऊने माझ्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि त्याला ते फारच आवडलं. "या की! येकदम झ्याक."

मी भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली. चटणी ओट्यावर सांडली, आणि ती मी पुसत बसले. पुसल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकणं मला तेव्हाही जमलं नाही.

शिरूरहून आम्ही न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. मागे ताडपत्रीखाली काहीतरी होतं. जीप खड्ड्यातून गेली की ते जडपणे एका अंगाला सरके आणि लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येई. दोघांपैकी कोणीही मागे वळून पाहिलं नाही. मी डबा मांडीवर घेऊन बसले होते. बाबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून होता आणि वारंवार आरशात पाहत होता.

"हळू चालव."

"हळूच चालवतोय."

"यात काय आहे माहितीये का तुला?"

"विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?"

त्याने पुन्हा आरशात पाहिलं. मग म्हणाला, "आई, विचारायचं कसं असतं?"

न्हावऱ्याच्या अलीकडे एक पोलीस हात वर करून गाड्या बाजूला घेत होता. आमच्या पुढचा टेम्पो त्याने थांबवला. पोलीस आमच्याकडे आला, त्याने वाकून आत पाहिलं: चष्मा लावलेली, सुती साडी नेसलेली बाई, मांडीवर डबा, शेजारी पांढऱ्या शर्टातला मुलगा.

"डबा व्हय, मावशी?"

"हो. दौंडला. यांना द्यायचाय."

"जावा."

त्याने हाताने पुढे जायची खूण केली. आम्ही पुढे गेलो. आणि मला समजलं की भाऊला ते का आवडलं होतं. त्याने मुलाच्या अंगावर शर्ट चढवला होता, आणि त्यावरचं जाकीट मी स्वतःहून होऊन आले होते.

न्हावरं ओलांडल्यावर तुमच्या बाबाला पाणी हवं होतं. त्याने एका रसवंतीसमोर, रस्त्याच्या कडेला जीप उभी केली, तोंड धुतलं, पाणी प्यायला. आम्ही पुन्हा आत बसलो. त्याने जीप सुरू केली, रस्त्यावर आणली आणि वेग घेतला. रस्ता मोकळा होता, दोन्हीकडे ऊस. बरंच अंतर गेलो. आम्ही रस्त्याच्या उजव्या बाजूने चाललो होतो.

त्या खेळातलं शहर परदेशातलं होतं. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, जशा तुमच्याकडे चालतात. आपल्याकडे डाव्या. त्याचं मन घाबरलं होतं आणि हात त्यांना जे येत होतं ते करत होते. पण मी? मी शेजारी बसले होते, समोर पाहत होते, आणि मलाही त्यात काही चूक दिसली नाही. खुर्चीवर बसून मीही तोच रस्ता इतके महिने पाहिला होता. मलाही ते बरोबरच वाटलं.

वळणावर उसाचा ट्रॅक्टर समोर आला, मागे दोन ट्रॉल्या, रस्ताभर उसाचे हिरवे वाढे लोंबत असलेल्या. मी काय ओरडले ते आठवत नाही. बाबाने ब्रेकवर पाय दिला, जीप साइडपट्टीवरून खाली गेली आणि पाटाच्या चारीत एक चाक घालून उभी राहिली. मागचं जड ओझं धाडकन पुढे आलं आणि आमच्या सीटच्या पाठीवर आदळलं. माझा डबा पायाशी पडला, पण उघडला नाही.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला. चांगला वयस्कर माणूस, डोक्याला मफलर. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. दोनदा त्याने काही बोलायचा प्रयत्न केला, आवाज फुटेना. मग एकदम फुटला.

"आरं ए शहाण्या! कंच्या गावात ह्या अंगानं गाडी हाकत्यात रं? आँ? कंच्या गावात?"

तुमच्या बाबाला ते गाव माहीत होतं, मलाही माहीत होतं.

"आन् आवो मावशी, तुमच्या डोळ्याला यवढा चष्मा हाय, तुमाला तरी दिसाय नगं?"

तो आणखी बरंच बोलला. मग जीपला ट्रॅक्टरची साखळी लावून त्यानेच आम्हांला बाहेर ओढलं, आणि निघताना बाबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पानी पी. आन् आता ह्या हातानं जा," आणि डावा हात त्याने लहान मुलाला दाखवावा तसा वर करून दाखवला.

भीमेचा पूल ओलांडला. मग बाबा म्हणाला, "तो उठला नसता."

"कोण?"

"ट्रॅक्टरवाला. तो मेला असता तर उठला नसता."

केडगाव आलं. दौंडचा रस्ता सरळ पुढे जातो. त्याने जीप स्टेशनकडे वळवली, रिक्षांच्या रांगेपलीकडे, सगळ्यांना दिसेल अशी उभी केली आणि चावी काढली. मी काही सांगितलं नव्हतं. खरं तर मी मनातल्या मनात म्हणत होते की आता इतके आलोच आहोत तर दौंडपर्यंत जाऊ, गाडी देऊन टाकू आणि सुटू. भीती माणसाला असा सल्ला देते.

स्टेशनबाहेर टेलिफोनचं बूथ होतं. तो आत गेला. दार नीट लागत नव्हतं, मी फटीशी उभी राहिले. घरी माझ्याशी तो शाळेतलं मराठी बोले. फोनवर तो शिरूरच्या चौकातलं बोलत होता.

"भाऊ, मीच. गाडी केडगाव ठेसनाला लावलीय... न्हाई, बिघडली न्हाई... न्हाई, पोलीस न्हाई. मी फुडं न्हेनार न्हाई... तुमचा मानूस हितं धाडा, त्याच्या हातात चावी देतो, तवर हितंच हाय... न्हाई भाऊ... न्हाई... आई हाय संगं... न्हाई, तिनं न्हाई सांगितलं. मीच सांगतोय."

पलीकडून काय येत होतं ते मला ऐकू येत नव्हतं. बाबाचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. फोन ठेवल्यावर तो बूथमध्येच उभा राहिला, काचेला कपाळ टेकून. बूथवाल्याने विचारलं, "कुनी गेलं का हो?" मी म्हटलं, "नाही, कोणी गेलं नाही."

आम्ही प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसलो, जीप दिसेल अशा ठिकाणी. खेळाच्या पहिल्या भागात पाठ वळवली असती तर ती नाहीशी झाली असती. मी अनेकदा मान वळवली. प्रत्येक वेळी ती तिथेच होती. एक पॅसेंजर आली आणि गेली. माणसं उतरली, पेरूवाले ओरडले, पुन्हा शांत झालं. मोटारसायकलचा आवाज आला की आम्ही दोघंही ताठ होत होतो.

शेवटी दौंडकडून दोघं आले, एका मोटारसायकलवर. मागचा उतरला आणि आमच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने नुसता हात पुढे केला. बाबाने चावी दिली.

"म्हातारीला कशापायी आनलं?" तो म्हणाला.

एवढ्या भीतीतही मला राग आला. मी तेव्हा पन्नाशीचीही नव्हते.

"लई शाना हायेस व्हय?" तो बाबाला म्हणाला. "भाऊ भेटतील मग." आणि जीप घेऊन गेला. तिच्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही.

पुढच्या गाडीने आम्ही दौंडला गेलो. तुमचे आजोबा ड्यूटी संपवून बाहेर येत होते. आम्हांला पाहून दचकले. "काय गं, सगळं ठीक ना?"

"डबा आणलाय. तुमची आठवण आली."

ते सहकाऱ्यांसमोर इतके लाजले की त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. डबा उघडून भाकरी खाताना म्हणाले, चटणी चांगली झाली आहे. त्यांना हे मी कधी सांगितलं नाही. तुमच्या बाबानेही नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते लिहिता येणार नाही. बाबा घराबाहेर पडत नव्हता. शाळेच्या फाटकासमोर पांढरी जीप उभी असे, कधी ती, कधी तशीच दुसरी. शिकवताना खडू मोडे. दाराची कडी वाजली की मी आधी मुलाला आतल्या खोलीत पाठवी आणि मग विचारी, कोण आहे? घरात बसून बसून बाबाने तो दुसरा भाग शेवटपर्यंत खेळून काढला. दुसरं करायला काही नव्हतं. मी शेजारी बसत होते. वह्यांवर लक्ष नसे, म्हणून प्रथमच मन लावून तो खेळ ऐकला. नायक इतका बोलत होता. प्रत्येक खोलीत, प्रत्येक गुंडासमोर कितीतरी बोलत होता. शिव्या देत होता, कुरकुरत होता. पण काम सांगितलं की शेवटी जात होता. मी वाट पाहत होते.

"ह्याला नाही म्हणता येतं का रे?" मी विचारलं.

बाबाने बोटं थांबवली. "नाही. तसं बटण नाहीये."

मग एके दिवशी सकाळी भाऊ आला, एकटा. मी दार उघडलं कारण खिडकीतून त्याने मला पाहिलं होतं. तो आत येऊन माझ्याच खुर्चीवर बसला. बाबा आतून स्वतःहून बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मी चहा केला. भाऊ बशीतून चहा प्यायला, सावकाश.

"बाई, पोरगं तुमचं हुशार हाय," तो म्हणाला. "पन कामाचं न्हाई."

"नाही," मी म्हटलं. "कामाचं नाही."

"मला वाटलं व्हतं, तुमीच शिकवलं आसंल फोनवर आसं बोलायला."

"मीच बोललो, भाऊ," बाबा म्हणाला.

भाऊने त्याच्याकडे पाहिलं. बशी खाली ठेवली. "बोल्ला खरा." मग माझ्या पाया पडला आणि गेला. त्यानंतर जीप दिसली नाही. का, ते कोणी सांगितलं नाही. मला मात्र पुढे कित्येक वर्षं पांढरी गाडी मागून हळू आली की मी थांबून ती आधी पुढे जाऊ देत असे, तुमच्या शहरात आले होते तेव्हासुद्धा.

बाबाने राहिलेले विषय सोडवले, तो पुण्याला गेला आणि नंतर तुमच्या देशात. गाडी रस्त्यावर आणण्याआधी तो क्षणभर थांबतो आणि ओठ हलवतो, त्याची तुम्ही दोघं नक्कल करता. तो स्वतःला बाजू सांगत असतो.

तुम्ही नवा भाग घ्यावा की नाही, ते तुमच्या बाबाने ठरवायचं. दुसरा भाग पहिल्यापेक्षा खरोखर चांगला होता, हे मी त्याच्याही तोंडावर सांगेन. नव्या भागात तर समुद्राचं पाणीसुद्धा ओलं दिसतं म्हणे. ते बटण त्यात आलं आहे का, तेवढं मला कळवा.

तो कॉम्प्युटर भंगारात गेला. पहिल्या भागाची सीडी घरं बदलताना हरवली. दुसऱ्या भागाची सीडी माझ्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात, साड्यांच्या खाली आहे. तिच्यावर एकही ओरखडा नाही.